घराचे छायाचित्र : आरसा की मुखवटा?

बंगळूरच्या पूर्वेकडील व्हाइटफील्ड ही मूळची छोटीशी वसाहत. म्हैसूरचे महाराज दहावे चामराज वाडियार यांनी १८८२ साली अँग्लो-इंडियन समाजाला दिलेल्या सुमारे ३,९०० एकर जमिनीवर ती वसली आणि डी. एस. व्हाइट यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस येथे इंटरनॅशनल टेक पार्क उभे राहिले आणि बंगल्या-बागांच्या गावाचे रूप पालटले. मार्च २०२३ मध्ये मेट्रोही येऊन पोहोचली.

आज येथील सदनिकेचा मालक पुण्यात, तर संभाव्य ग्राहक नागपुरात असू शकतो. दोघांची पहिली भेट घडते ती संकेतस्थळावरील आठ-दहा छायाचित्रांतून. प्रवास करून घर पाहायला जायचे की नाही, हे त्यावरच ठरते. म्हणूनच ही छायाचित्रे काढण्याचे तंत्र समजून घेणे हिताचे ठरते.

पूर्वतयारी आणि प्रकाश

पहिले काम कॅमेऱ्याचे नव्हे, केरसुणीचे! दोरीवरचे कपडे, ओट्यावरची भांडी, न्हाणीघरातील बादल्या दूर केल्या की खोली मोकळा श्वास घेते. पूर्वेकडील खोल्या सकाळी, तर पश्चिमेकडील खोल्या दुपार कलल्यावर टिपाव्यात. पडदे उघडे असावेत. दिवसाचा उजेड आणि पिवळे दिवे एकत्र आले की भिंतींचे रंग फसवे दिसतात, याचे भान ठेवावे.

कॅमेरा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, अगदी सरळ धरावा. तो वर-खाली झुकला की भिंती कलंडलेल्या दिसतात. शक्य तर तिपाई वापरावी. प्रवेशद्वार, दिवाणखाना, स्वयंपाकघर, शयनगृह, न्हाणीघर, सज्जा, वाहनतळ असा क्रम ठेवून सोबत मोजमापांसह आराखडा दिल्यास पाहणाऱ्यास घरातून फिरून आल्यासारखे वाटते.

सचोटीची चौकट

मोबाइलमधील अतिरुंद भिंग दहा बाय दहाच्या खोलीला सभागृहाची ऐट आणते. संगणकावर समोरची भिंत वा विजेच्या ताराही पुसता येतात. परंतु ग्राहक उंबरठ्यावर पाऊल ठेवताच हा बनाव उघडा पडतो आणि मग तो मालकाच्या कागदपत्रांवरही विश्वास ठेवत नाही. स्थावर संपदा अधिनियम, २०१६ (रेरा) मधील कलम १२ नुसार प्रवर्तकाच्या जाहिरातीतील वा नमुना सदनिकेतील खोट्या माहितीमुळे नुकसान झालेल्या ग्राहकास भरपाई मागता येते. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक असणेही बंधनकारक आहे. जुने घर विकणाऱ्या सामान्य मालकाचे भांडवल मात्र एकच, त्याचा शब्द!

सुरक्षिततेचे भान

चौकटीत मुलांची छायाचित्रे, प्रमाणपत्रे, पासबुक, किल्ल्या येऊ देऊ नयेत. काही भामटे दुसऱ्याच्याच घराची छायाचित्रे दाखवून आगाऊ रक्कम उकळतात. तर काही जण भाडेकरू असल्याचे भासवून मालकालाच क्यूआर कोड पाठवतात. पैसे स्वीकारण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिनही द्यावा लागत नाही, हे प्रत्येक खातेदाराने पक्के लक्षात ठेवावे.

जे छायाचित्रात दिसत नाही

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूरला तीव्र पाणीटंचाई भासली. विंधनविहिरी आटल्या आणि व्हाइटफील्डमधील अनेक संकुलांना टँकरची वाट पाहावी लागली. सुंदर न्हाणीघराच्या छायाचित्रात नळाला पाणी आहे की नाही, हे दिसत नाही. मालकी हक्काची साखळी, खाते-उतारा, घरावरील बोजा यांचेही छायाचित्र निघत नाही. म्हणूनच गृहकर्ज देताना बँक वकिलाकडून मालकी हक्क तपासून घेते आणि मूल्यनिर्धारकास प्रत्यक्ष जागेवर पाठवते. ग्राहकानेही याच मार्गाने जावे.

दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, असे आपल्याकडे म्हणतात. जसे आहे तसेच, पण नीटनेटके दाखवणारे छायाचित्र विकणाऱ्याचा वेळ वाचवते आणि घेणाऱ्याची आयुष्यभराची पुंजीही.