दिवसाला चार लाख ठोके

बसा असे जवळ. कंदिलाची वात जरा मोठी करतो, कारण आता जे दाखवणार आहे ते फार बारीक आहे आणि नुसत्या फुंकरीनंही बिघडेल. हे एचएमटीचं ‘जनता’. मागचं झाकण काढून ठेवलंय. ते चाक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे गर्रकन वळतंय ना, त्याला घड्याळजी मंडळी बॅलन्स म्हणतात, आणि त्याच्या पोटाशी वेटोळं घालून बसलेली जी तार दर हेलकाव्याला आकसते नि फुलते, ती हेअरस्प्रिंग. आता कानाशी धरा. सेकंदाला पाच ठोके. म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. वर्षाचा हिशेब केला तर पंधरा कोटींच्या वर जातो. असं घड्याळ दिवसाकाठी अर्धं मिनिट मागं पडलं तर आपण लगेच कुरकुर करतो, पण कागद-पेन्सिल घेऊन बघा, हजार ठोक्यांमागं त्या बिचाऱ्याचा अर्धा ठोकासुद्धा चुकलेला नसतो. इतकं चोख काम माणसाच्या हातून होत नाही, बैलाच्या होत नाही, पावसाच्या तर नाहीच नाही.

मला हे घड्याळ लग्नात सासऱ्यांनी दिलं. त्या वेळी जावयाच्या मनगटावर एचएमटी बांधायची चालच होती. १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं ही घड्याळं निघायला लागली आणि पुढं खेडोपाडी मास्तर, तलाठी, कंडक्टर, सगळ्यांच्या हातावर दिसू लागली. आमच्या मांडवात मुहूर्त मात्र घटिकापात्रावर धरलेला. पाण्यानं भरलेलं घंगाळ, त्यात तळाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी सोडलेली. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं झाली. भटजींचा डोळा वाटीवर, मामा नवरीला घेऊन उभे, आणि मी हळूच मनगटाकडे बघतोय. वाटी बुडाली तेव्हा मिनिटकाटा अगदी जिथं असायला हवा तिथं पोचला होता. शेकडो वर्षांचं पाणी आणि नव्या कारखान्यातली तार, दोघांनी मिळून एकच साक्ष दिली. घड्याळांचा छंद मला तिथंच लागला असं मी धरून चालतो.

पुढं पेठेतल्या घड्याळजींच्या टेबलाशी जाऊन बसायची सवय लागली. डोळ्याला भिंग, हातात चिमटा, तोंडात सुपारी, बोलायचे कमी. एकदा मी विचारलं की चावी नुकतीच दिलेली असताना स्प्रिंगचा जोर जास्त, संध्याकाळी कमी, मग ठोके तेवढेच कसे पडतात? त्यांनी मान वर न करता सांगितलं, “गुरुजी, झोपाळ्याला मोठा झोका द्या नाहीतर छोटा, जाऊन यायला वेळ तेवढाच लागतो. तुमचा जोर झोक्याची लांबी ठरवतो, वेळ ठरवत नाही.” हेच ते गुपित. तार जितकी पिळाल तितक्याच जोरानं ती परत ओढते, म्हणून लांबचा हेलकावा वेगानं होतो, जवळचा सावकाश होतो, आणि वेळ जवळजवळ सारखाच राहतो. हॉलंडच्या ख्रिस्तियान हायगेन्सनं १६७५ साली ही वेटोळ्याची तार घड्याळात बसवली, तिकडं लंडनचा रॉबर्ट हूक म्हणाला की कल्पना आधी माझी, आणि दोघांचं त्यावरून चांगलंच वाजलं. त्याआधीच्या खिशातल्या घड्याळांना मिनिटकाटा लावण्यातही फारसा अर्थ नव्हता, इतकी ती बेभरवशाची होती.

पण तारेलाही ऊन बाधतं. साधं पोलाद तापलं की त्याचा ताठा कमी होतो, हेलकावा लांबतो आणि घड्याळ मागं पडतं. अंश वाढला की दिवसाला दहाएक सेकंद. नागपूरच्या साडूंकडं त्यांच्या वडिलांचं एक जुनं घड्याळ होतं, ते थंडीत बरं चालायचं आणि वैशाखात रोज मागं राहायचं, आणि घरातले सगळे त्याला म्हातारपण समजून सांभाळून घ्यायचे. या दुखण्यावर औषध शोधलं ते शार्ल एद्वार गियोम या स्विस माणसानं. घड्याळजीचाच मुलगा. लोखंडात निकेल वेगवेगळ्या प्रमाणात मिसळत बसला, आणि त्याला अशा धातू सापडल्या की एक ऊन-थंडीत लांबी बदलत नाही नि दुसरी ताठा सोडत नाही. १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. त्याच्या आदल्या-पुढच्या वर्षांत कोण कोण होते बघा, पुढच्याच वर्षीचं आइनस्टाइनचं! वेटोळ्याच्या तारेला त्या पंगतीत पान मिळालं याचा मला फार आनंद वाटतो.

आता डायलवर लिहिलेले हे ‘१७ ज्वेल्स’. लोक विचारतात, खरी माणकं का? हो, खरीच. चाकांच्या आसाची टोकं इतकी बारीक असतात की बॅलन्सच्या आसाचं टोक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढं भरतं, आणि ते पितळेत फिरलं तर भोक झिजून मोठं होईल. म्हणून भोकं माणकाची. फक्त ही माणकं खाणीतली नव्हेत. फ्रान्सच्या ओग्युस्त व्हर्नयनं १९०२ साली जाहीर केलेल्या रीतीनं अ‍ॅल्युमिनियमच्या ऑक्साइडची भुकटी, त्यात चिमूटभर क्रोमियम, धगधगत्या ज्वाळेतून खाली सोडतात. थेंब थेंब साठून खाली लाल खडा वाढत जातो. रचना तीच, कठीणपणा तोच, जो जमिनीच्या पोटात तयार होतो. राजाच्या मुकुटातला दगड कंडक्टरच्या मनगटावर आला तो असा.

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी फिरायला लागलो आणि घरातला एक ड्रॉवर हळूहळू भरला. तिथं डोळे उघडे ठेवावे लागतात. डायल नव्यानं रंगवलेली, काटे एकाचे, मशीन दुसऱ्याचं, असं पुष्कळ मिळतं. पण मला नावापेक्षा आतला ठोका कोण धरतो यातच रस. निसर्गात ज्या वस्तूला स्वतःचा असा एक ठेका आहे, ती वस्तू माणसानं शोधून शोधून मनगटावर आणली. माझा सगळा संग्रह म्हणजे या शोधाचीच वाट आहे.

त्या वाटेवर एक घड्याळ असं भेटलं की ते टिकटिक करतच नाही, गुणगुणतं. बुलोव्हाचं अ‍ॅक्युट्रॉन. माक्स हेत्सेल नावाच्या स्विस इंजिनियरनं आत चक्क एक नादकाटा बसवला, शाळेच्या प्रयोगशाळेत आपण टेबलावर आपटून कानाशी धरतो तोच, पण बोटाच्या पेराहून लहान. १९६० साली ते बाजारात आलं. विजेच्या छोट्या घटावर तो काटा सेकंदाला ३६० वेळा थरथरतो, आणि दर थरथरीला एका चाकाचा एक दात पुढं सरकवतो. ते चाक २.४ मिलिमीटरचं, आणि त्यावर दात ३००. भिंगातून पाहिलं तरी मला फक्त कडेला एक धूसर चमक दिसते. सेकंदकाटा टप्प्याटप्प्यानं उडत नाही, सलग वाहतो. नातीच्या कानाशी धरलं तर ती म्हणाली, “आजोबा, यात भुंगा आहे,” आणि आठवडाभर तिनं सगळ्या आळीला तो भुंगा ऐकवला.

आणि मग गारगोटी. लहानपणी अंधाऱ्या माजघरात दोन गारगोट्या घासून आम्ही उजेड पाडत असू. त्याच गारगोटीचा शुद्ध स्फटिक म्हणजे क्वार्ट्‌झ. झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० साली पाहिलं की असा स्फटिक दाबला की त्याच्या अंगावर वीज उमटते. आणि उलट, वीज दिली की तो किंचित वाकतो. वाकतो, सुटतो, पुन्हा वाकतो, आणि आपला ठेका सोडत नाही. १९६९च्या नाताळात टोकियोत सायकोनं अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्‌झचं पहिलं मनगटी घड्याळ विकायला काढलं. किंमत साडेचार लाख येन, म्हणजे तेव्हा एका छोट्या मोटारीएवढी. आज शे-दोनशेच्या घड्याळातला खडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हाच आकडा का? निम्मे करत जा. १६,३८४, मग ८,१९२, असं पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक उरतो, आणि त्या एकावर काटा एक घर पुढं उडी मारतो. त्यातही एक खुबी आहे. हा खडा साधारण २५ अंशांच्या आसपास नेमका चालेल असा कापलेला असतो. त्याहून गार झाला तरी मागं पडतो, तापला तरी मागंच पडतो. त्यामुळं हातावर बांधलेलं घड्याळ माणसाच्या अंगची ऊब घेऊन नीट वेळ दाखवतं, आणि तेच महिनोन्‌महिने थंडगार कपाटात ठेवलं तर हळूहळू मागं राहतं.

या खड्यापुढं चावीच्या घड्याळांचा टिकाव लागला नाही. एचएमटीच्या घड्याळांचा धंदाही २०१६ साली सरकारनं बंद करायचं ठरवलं. तेव्हापासून ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’, ‘कांचन’ ही नावं माझ्यासारखे लोक बाजारात शोधत फिरतात, आणि देवनागरी आकड्यांचं ‘जनता’ दिसलं की मी किमतीची घासाघीस करत नाही.

एक मात्र अजून हाताला लागलेलं नाही. याच कारखान्यानं न दिसणाऱ्यांसाठी ब्रेल घड्याळ केलं होतं. काच बिजागरीवर उघडते, डायलवर उंच ठिपके, आणि बोटानं चाचपले तरी जागचे हलू नयेत असे दणकट काटे. तुमच्या गावात, नात्यात कुणाकडं असेल तर कळवा. विकत द्यायलाच हवं असं नाही. मला फक्त डोळे मिटून त्यावर किती वाजले ते एकदा वाचायचं आहे.