दोन उभ्या रेघा

वसई गावात पारनाक्याजवळच्या एका शाळेत रविवारी सकाळी साडेनऊला एक वर्ग भरतो. फी नाही, परीक्षा नाही, हजेरीचा पट आहे पण तो कुणी बघत नाही. बाकं चौथीच्या मुलांची, त्यामुळे माझ्यासारख्या साठी ओलांडलेल्या माणसाला गुडघे आडवे करूनच बसावं लागतं. माझ्या डावीकडे नववीतली एक मुलगी, उजवीकडे वकिलांच्या कचेरीत कारकुनी करणारे गृहस्थ आणि पुढच्या बाकावर चार दांडगे तरुण. हे तरुण एरवी दांडपट्टा आणि लाठीकाठी शिकतात, आणि मे महिन्यात किल्ल्यात वसईच्या विजयाचा दिवस साजरा होतो तेव्हा मावळ्यांच्या वेषात उभे राहतात. शिकवणारा मुलगा विरारचा. आठवडाभर अंधेरीला नोकरी, सकाळची गर्दीची लोकल, आणि सुटीच्या एकुलत्या एका दिवशी हा आम्हाला मोडी शिकवायला येतो. वयाने तो माझ्या धाकट्या मुलापेक्षा लहान, पण वर्गात मी त्याला ‘सर’च म्हणतो. तो पहिल्या दिवशी संकोचला, आता सवय झाली आहे.

आधी हे सांगून टाकतो की मी इतिहासाच्या प्रेमाने तिथे गेलो नव्हतो. गेलो तो स्वार्थाने. पण त्याकडे मागाहून येतो.

पहिले दोन रविवार आम्ही एक अक्षरही शिकलो नाही. बोरू कसा तासायचा, त्याच्या टोकाला चीर कुठे द्यायची, तिरपा काप किती घ्यायचा, यातच गेले. माझे तीन बोरू फुटले आणि एकाने अंगठा कापला. मग कागदावर डावीकडून उजवीकडे सबंध रेघ ओढायची. देवनागरीत आपण शब्द लिहितो आणि मग डोक्यावर रेघ देतो, मोडीत उलटं. दोरी आधी बांधायची आणि अक्षरं मागून तिच्यावर वाळत घालायची. हात शक्यतो उचलायचा नाही. बोरू शाईत बुडवायला जेवढा उचलावा लागेल तेवढाच. या घाईपायी अक्षरांना गाठी आल्या, वळणं आली, एकाचा काना दुसऱ्याच्या पोटात शिरला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. शुद्धलेखनाच्या वहीत लाल रेघा खात वाढलेल्या आमच्या पिढीला हे ऐकून केवढा आनंद झाला म्हणून सांगू! तो आनंद वाचायला बसेपर्यंतच टिकला.

सर फळ्यावर वळणं काढून दाखवतात. शिवकालीन, पेशवेकालीन, आंग्लकालीन. पेशवाईतल्या चिटणिशी वळणाचं पत्र म्हणजे मोत्यांची माळ. इंग्रजी अमदानीत बोरू जाऊन टाक आला आणि अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं झालं. गंमत अशी, की जितकं अलीकडचं तितकं वाचायला अवघड. आपल्या पणजोबांचा कागद नानासाहेब पेशव्याच्या कागदापेक्षा जास्त छळतो.

आणि असे कागद किती? पुण्याचं पेशवे दफ्तर आहे, १९१० साली राजवाड्यांनी आणि मेहेंदळ्यांनी उभं केलेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, मुंबईचं पुराभिलेखागार आहे. रुमालांत बांधलेले मोडी कागद कोट्यवधींनी मोजतात. सरदेसायांच्या देखरेखीखाली पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस खंडांत छापले गेले, ते निवडकच. बाकीचे वाचायचे तर वाचणारी माणसं हवीत. विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळेतून गेली आणि एका पिढीत आपण आपल्याच घरच्या कागदांपुढे निरक्षर झालो. पुराभिलेख खातं मोडीचे वर्ग घेतं, मंडळातही होतात. पण वसई-विरारच्या माणसाला रविवारी पुणं गाठणं कुठलं जमायला? म्हणून हे हौशी वर्ग. २०१४ साली मोडीला संगणकाच्या युनिकोडमध्ये जागा मिळाली, हेही सरांनीच सांगितलं. यंत्राला लिपी आली, आता माणसांना यायची आहे.

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला फोनवर या वर्गाचं सांगितलं तर तो हसला. म्हणाला, “काका, इथेही हेच चालतं.” कॅलिफोर्नियात बर्कलीला १९६६ साली काही मित्रांनी एका घराच्या परसात मध्ययुगीन सरदारांसारखी लुटुपुटीची लढाई मांडली. त्यातून ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ नावाची संस्था उभी राहिली. सतराव्या शतकाच्या आधीचं जग हाताने करून बघायचं, हे तिचं वेड. चिलखत घालून लढणारे तर तिथे आहेतच. पण कुणी लोकर कातायला शिकवतो, कुणी पिसाच्या लेखणीने सुलेखन, कुणी जुन्या पाकपुस्तकातलं कालवण. शिकवणारे सगळे हौशी. पुतण्याला वाटलं, आपल्याकडे असं काही नसेलच. मी म्हटलं, बाबा रे, त्यांना किल्ला मनात बांधावा लागतो. आमचा तर दारात उभा आहे.

वेषभूषेची हौस आणि अभ्यास यांत किती अंतर असतं, ते मी पुढच्या बाकावर पाहिलं. आमचे मावळे आधी किल्ल्यात उभे राहून दूरदर्शन मालिकेतले संवाद म्हणायचे. तलवारी पत्र्याच्या, फेटे भाड्याचे, आवाज मात्र खणखणीत. एका रविवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, ‘तिसा सलासीन मया व अलफ’. एक मावळा म्हणाला, “सर, हा मंत्र आहे का?” तो मंत्र नव्हता, साल होतं. शुहूर सन. अरबी आकडे, तेही आधी एकक, मग दशक, मग शतक: नऊ, तीस, शंभर आणि हजार. म्हणजे अकराशे एकोणचाळीस. हे वर्ष मृग लागला की बदलतं. त्यात वर्षाच्या पूर्वार्धासाठी पाचशे नव्याण्णव आणि इंग्रजी साल उलटल्यावर सहाशे मिळवायचे. मुलांनी वहीत बेरीज केली आणि वर्ग एकदम गप्प झाला. १७३९. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ते साल. संवाद पाठ करणाऱ्या त्या पोराने मान वर केली तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे होतं, ते फेट्याने येत नाही.

त्यानंतर ही मुलं बदलली. सुरुंग कसे लावले, सेंट सेबास्टियन बुरूज कुठे फुटला, दोन्हीकडचं किती माणूस कामी आलं, असं विचारू लागली. माझ्या डावीकडची मुलगी ख्रिस्ती घरातली. तिने एकदा सरळ विचारलं, “सर, त्या दिवशी मी कुणाच्या बाजूने उभी राहू?” असा प्रश्न वसईतच पडू शकतो. १५३४ पासून दोनशेहून जास्त वर्षं इथे पोर्तुगीज होते. त्यांच्या अमदानीत देवळं पडली, धर्म बदलले, त्या जखमा खऱ्या आहेत. पण बदललेल्यांची लेकरं इथलीच. याच मातीत वाडी करणारी, आपल्यासारखंच ‘पगार’, ‘चावी’, ‘बटाटा’ म्हणणारी. सरांनी उत्तर दिलं नाही. शरणागतीच्या कलमांत मागे राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक दिली होती, तेवढं सांगितलं आणि पुढच्या रविवारी वर्ग किल्ल्यात नेला. फ्रान्सिस्कन चर्चच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, त्यावर पोर्तुगीज अक्षरं. तिथे ती मुलगी गुडघ्यावर बसून हाताने धूळ पुसत होती, आणि आमचा एक मावळा तिच्यासाठी बाटलीतलं पाणी ओतत होता. मला स्वतःला विचाराल, तर विजयाचा दिवस साजरा व्हावा असंच मी म्हणेन. फक्त तो वाचता येणाऱ्यांनी करावा.

आता माझा स्वार्थ.

आमची वडिलोपार्जित वाडी आहे. केळी, थोडी पानवेल, आणि कडेला बावखल. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, बावखल म्हणजे वाडीतलं तळं; पावसाचं गोडं पाणी धरणारं, पूर्वी त्यावर रहाट फिरायचे. इमारतींच्या रेट्यात कितीतरी बावखलं बुजली, आमचं उरलं आहे. पलीकडे एका ख्रिस्ती कुटुंबाची वाडी. तिथल्या मामांच्या वडिलांचा रहाट याच पाण्यावर होता, असं ते म्हणत. ‘म्हणणं’ आणि ‘असणं’ यात फरक असतो, असं आमचे वडील म्हणत. वडील गेल्यावर माझ्या चुलतभावाने कुंपण घातलं. मामांची मोटार बंद झाली. मी तेव्हा काही बोललो नाही. घरात शांतता राहावी म्हणून, अशी मी माझी समजूत घातली होती. मामा रस्त्यात भेटले की “काय भाऊ, बरं आहे ना?” विचारायचे, एवढंच.

वडिलांच्या पेटीत एक कागद होता. मुद्रांकावर राणीचं चित्र, खाली मोडी. चुलतभावाची खात्री, की बावखल आपल्या एकट्याचं असल्याचा तो पुरावा. बिल्डर घिरट्या घालत होते. कागद वाचून घेतला तर बाजू पक्की, म्हणून मला वर्गात पिटाळलं.

सहा महिने लागले. शके १८०९ पहिल्यांदा लागलं, म्हणजे १८८७. मग ‘सदरहू’, ‘वहिवाट’, चतुःसीमा. पूर्वेस, पश्चिमेस. ‘बावखलाचे पाणी’ हे शब्द सापडले त्या दिवशी मी घरी पेढे नेले. त्यापुढे दोन उभ्या रेघा होत्या. मी समजलो, वाक्य संपलं.

पुढच्या रविवारी कागदाची नक्कल सरांपुढे ठेवली. सरांनी त्या रेघांवर बोट ठेवलं आणि काहीच बोलले नाहीत. उजवीकडचे कारकून वाकून बघत होते. तेच म्हणाले, “अहो, मोडीत पूर्णविराम कुठला आलाय? हा हिशेबाचा आकडा आहे. एक रेघ पाव, दोन रेघा अर्धा, तीन रेघा पाऊण.”

बावखलाचे पाणी निम्मे. पुढच्या ओळीत मामांच्या आजोबांचं नाव होतं. दिवसाआड पाळी, रहाटाची जागा, गाळ काढायचा खर्च निम्मानिम्मा. खाली माझ्या पणजोबांची निशाणी होती. त्यांना लिहिता येत नव्हतं, नांगर काढला होता.

घरी जाईपर्यंत मी तीन वेळा ठरवलं की हे कुणाला सांगायचं नाही. कुणाला कळणार होतं? गावात मोडी वाचणारे किती? पण वर्गातल्या वीस जणांना कळलं होतं, त्यात ती नववीतली मुलगी होती, आणि तिची आई मामांच्याच आळीतली. खरं सांगायचं तर निम्मं धैर्य या भीतीचं होतं. संध्याकाळी नक्कल घेऊन मामांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावला, कागद उलटसुलट केला. म्हणाले, “मला यातलं काय कळणार, भाऊ? तुम्ही वाचा.”

मी वाचलं. नांगराच्या निशाणीपर्यंत आल्यावर ते उठून आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मामी चहा ठेवून गेल्या.

कुंपणाला आता एक दार आहे. मामांची मोटार दिवसाआड चालते. बिल्डर फिरकेनासा झाला. चुलतभाऊ माझ्याशी बोलत नाही; गणपतीत आला, आरती करून प्रसाद न घेता गेला. त्याचंही नुकसान झालं आहे, नाही म्हणत नाही.

परवा मामा स्वतःहून आले. त्यांच्याकडेही माळ्यावर एक पेटी आहे म्हणे, आजोबांची. येत्या रविवारी ती वर्गात आणायची ठरली आहे. कागदांना वाळवी लागली आहे, म्हणून सरांनी निरोप धाडलाय: झाकण घरी उघडू नका, आणि मऊ केसांचा ब्रश घेऊन या.