काळीवर वसलेली पांढरी

गावाकडच्या बोलण्यात जमीन दोन रंगांची असते. पेरायची ती काळी, राहायची ती पांढरी. चुलीची राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचत गेली, गावठाण आजूबाजूच्या शिवारापेक्षा उंच झालं आणि तिथली माती पांढरट झाली. भिंती त्याच मातीच्या, डोक्यावरचं माळवदही तिचंच. परभणी जिल्ह्यातली जुनी गावं अशी पांढरीवर बसलेली आहेत. काळीवर घर बांधायचं नसतं, हे कुणाला वेगळं सांगावं लागत नव्हतं.

गेल्या तीस-चाळीस वर्षांत परभणी शहर मात्र चारी अंगांनी काळीवर उतरलं. वसमत रस्ता घ्या, जिंतूर रस्ता घ्या, गंगाखेड किंवा पाथरीकडे निघा. कापूस, तूर, सोयाबीन चालू असतानाच मध्ये एखाद्या वावरातली पऱ्हाटी उपटलेली दिसते. जमीन सपाट केलेली, फक्कीनं चौकोन आखलेले, कोपऱ्याकोपऱ्यावर सिमेंटचे खुंट रोवलेले. पाच-सात वर्षांनी तिथं कॉलनी उभी असते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘नगर’ लागलेलं असतं. तिच्याबद्दलचं मतही ठरलेलंच. एका घराला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं, सगळी एका साच्यातली. पुण्यात फ्लॅट घेतलेले नातेवाईक हे म्हणतात, जुन्या वाड्यात हयात गेलेली वडीलधारी माणसंही म्हणतात. मी अशाच एका कॉलनीत राहतो. हा आरोप मला मान्य नाही. साचा आहे, पण तो घरांत नाही.

आधी हे चौकोन कुठून येतात ते पाहू. एका एकरात चाळीस गुंठे आणि एक गुंठा म्हणजे तेहतीस फूट बाय तेहतीस फूट, १,०८९ चौरस फूट. मालक शेत प्लॉटिंगला देतो तेव्हा त्या शेताचा आकार, बांध, विहीर, बांधावरचं बाभळीचं झाड यांचा हिशेब मागं पडतो आणि जास्तीत जास्त प्लॉट कसे निघतील हा हिशेब पुढं येतो. लांबट चौकोनात जमीन सर्वांत कमी वाया जाते. म्हणून तीस बाय चाळीस, तीस बाय पन्नास ही मापं इथं पोराटोरांनाही पाठ आहेत. जाहिरातीत ‘एन. ए. ४४’ असं लिहिलेलं असतं. तो ४४ म्हणजे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं अकृषिक परवानगीचं कलम. परवानगी आली की रस्त्याची रुंदी, समोर-मागं-बाजूला सोडायची जागा हे सगळं नियमानं ठरतं. डिसेंबर २०२० पासून तर राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच एकत्रित विकास नियमावली लागू आहे. म्हणजे परभणीचा प्लॉट आणि सांगलीचा प्लॉट एकाच मापदंडानं मोजला जातो. ज्यांच्याकडे अशा मंजूर प्लॉटएवढे पैसे नसतात ते गुंठेवारीत, म्हणजे परवानगीशिवाय पाडलेल्या तुकड्यांत घेतात, इसार पावतीवर आणि विश्वासावर. अशा वस्त्या नियमित करण्यासाठी राज्यानं २००१ मध्ये वेगळा कायदा केला आणि २०२१ च्या दुरुस्तीनं त्यात ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची बांधकामं घेतली. तिथं रस्ते अरुंद, पण प्लॉटचा आकार तोच.

यापुढची गोष्ट मातीची आहे. घरं सुरुवातीला सारखी का दिसतात, याचं खरं उत्तर मला तिथं सापडतं.

काळी माती बेसॉल्टच्या झिजेतून झाली आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज असतं. ते पाणी पितं तेव्हा फुगतं, वाळतं तेव्हा आकसतं. एप्रिल-मे महिन्यात रिकाम्या वावरातून चाला. भेगेत अख्खा हात कोपरापर्यंत जातो. शेतकऱ्याला हे वरदान आहे, कारण वरची माती भेगांतून खाली जाते आणि जमीन आपोआप उलथते. घराला मात्र हा शाप. न्हाणीघराच्या बाजूची माती सांडपाण्यानं ओली राहते, दुसऱ्या बाजूची उन्हानं आकसते, एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो. मग खिडकीच्या कोपऱ्यापासून छतापर्यंत तिरपी भेग जाते. बैठं घर वजनाला हलकं, म्हणून माती त्याला सहज हलवते. कंपाउंडची भिंत तर पहिल्या दोन पावसाळ्यांतच वाकडी होते.

आमच्या घराचा पाया खांदला तेव्हा मिस्त्री खड्ड्यात उभा राहून म्हणाला होता, “सायेब, या मातीचा भरवसा धरू नका. मुरूम लागूस्तोर खांदू द्या.” मुरूम लागला तो माणूसभर खोलीच्याही खाली. तिथून कॉलम उठले, मग जमिनीलगत प्लिंथ बीम, मग आतली काळी माती काढून मुरमाची भर आणि दबाई. गुत्तेदारानं हिशेब दाखवला तेव्हा कळलं की, वर एक वीटही दिसत नसताना पैशाचा मोठा वाटा जमिनीत गेला होता. शिक्षक, कंडक्टर, बँकेतला शिपाई, कृषी विद्यापीठातला कर्मचारी या सगळ्यांच्या पतसंस्थेच्या कर्जाचं असंच होतं. पाया खाऊन जे उरतं त्यात चार भिंती, एक स्लॅब आणि समोरचं ग्रील बसतं. साधा, सरळ चौकोनी डबा. रस्त्यावरून जाणाऱ्याला त्यात कल्पकतेचा अभाव दिसतो. मला मुरमात गाडलेली रक्कम दिसते.

आता त्याच डब्याकडे पंधरा-वीस वर्षांनी पाहा.

आमच्या गल्लीतल्या एका घराची हकीकत सांगतो. मालक पालमकडचे, खेड्यात चार एकर शेती, मुलांच्या शाळेसाठी परभणीला आलेले. पहिल्या वर्षी दोन खोल्या आणि वर पत्रे. उन्हाळ्यात पत्र्यावर पऱ्हाट्या अंथरायच्या, तेवढाच गारवा. परभणीचा मे महिना म्हणजे पारा सहज त्रेचाळीस-चव्वेचाळीसच्या पुढं. तीन-चार वर्षांनी पत्रे उतरले, स्लॅब पडला आणि स्लॅबवर कॉलमच्या सळया उभ्याच ठेवल्या. वरचा मजला कधीतरी बांधू, ही उमेद त्या सळयांच्या रूपानं कित्येक वर्षं गंजत उभी होती. धाकटा भाऊ नोकरीला लागला आणि वरचा मजला झाला. जिना मुद्दाम बाहेरून काढला, म्हणजे भाडेकरू ठेवता येतो. वर आता क्लाससाठी आलेली गंगाखेड-सोनपेठकडची पोरं राहतात. समोरच्या पोर्चची एक बाजू बंद करून शटर लावलं, तिथं पिठाची गिरणी चालते. दिवाळीनंतर बैठकीत सोयाबीनची पोती असतात, मोंढ्यात भाव येईपर्यंत. मागच्या पाच फुटी पट्ट्यात कढीपत्ता, जास्वंद आणि भेंडी. ती भेंडी ‘परभणी क्रांती’. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद न देणारं हे वाण इथल्याच कृषी विद्यापीठानं १९८५ मध्ये दिलं.

शेजारचा प्लॉट त्याच मापाचा, पाया त्याच मिस्त्रीचा. पण तिथं निवृत्त जोडपं राहतं, समोर झोपाळा आहे, दारात तुळस आहे आणि वर एकही वीट चढलेली नाही, कारण मुलगी हैदराबादला आणि मुलगा पुण्याला. पलीकडचा पूर्वमुखी, म्हणून घेतानाच महाग; त्याचं दार, देवघर, स्वयंपाकघर सगळं वास्तूच्या सल्ल्यानं फिरवलेलं. एका ओळीत दहा घरं मोजली तर दहा कुटुंबांची दहा गणितं भिंतीवर वाचता येतात.

जुनी गल्ली या बाबतीत फार वेगळी होती असं मला वाटत नाही. मानवत, सेलू, पाथरीतल्या जुन्या भागांत फिरा. मोठं लाकडी दार, आत ढाळज, मग चौक, चौकाभोवती ओसऱ्या, वर माळवद. दुसऱ्या वाड्यातही तेच. लाकूड, माती आणि सुतार यांची जी हद्द होती, तिच्यात घर बसत होतं. त्या सारखेपणाला आपण परंपरा म्हणतो आणि जतन करा म्हणतो. सिमेंट, सळई आणि कर्ज यांच्या हद्दीत बसलेल्या घराला मात्र साचा म्हणतो. माळवद उन्हाळ्यात गार राहायचं, स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता ओकतो, हा फरक खरा आणि मोठा आहे. पण तो सारखेपणाचा मुद्दा नव्हे.

ज्या अमेरिकेतून एकसारख्या उपनगरांची ही चर्चा जगभर गेली, तिथंही असंच घडलं. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याच्या शेतांत १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिटाउन उभं राहिलं. सतरा हजारांवर घरं, कारखान्यात मोटार जोडावी तशी टप्प्याटप्प्यानं बांधलेली. विचारवंतांनी त्यावर सडकून टीका केली. पण रहिवाशांनी पोटमाळे राहते केले, खोल्या वाढवल्या, दर्शनी भाग बदलले. आज मूळ रूपातलं घर तिथं शोधावं लागतं. समाजशास्त्रज्ञ हर्बर्ट गॅन्स न्यू जर्सीतल्या नंतरच्या एका लेव्हिटाउनमध्ये स्वतः घर घेऊन दोनेक वर्षं राहिले आणि सारख्या घरांमुळे माणसं सारखी होत नाहीत, असं १९६७ च्या पुस्तकात त्यांनी मांडलं. आपल्याकडे वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी घरं वाढणारच हे ओळखून आधीच जागा सोडली. नवी मुंबईत बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज त्यांनी १९८० च्या दशकात सिडकोसाठी आखलं तेव्हा शेजाऱ्याची भिंत सामाईक ठेवली नाही, म्हणजे ज्याला जेव्हा जमेल तेव्हा त्यानं घर वाढवावं. आमच्या पालमकरांनी कोरियांचं नावही ऐकलेलं नाही. त्यांच्या स्लॅबवरच्या सळया तेच सांगत होत्या.

लेव्हिटाउनचा खरा दोष वेगळा होता. तिथल्या सुरुवातीच्या करारात श्वेतवर्णीयांखेरीज कुणाला घरात राहता येणार नाही असं लिहिलेलं होतं. आपल्याकडे असं कुणी लिहीत नाही. पण खोली भाड्यानं मागायला गेलं की पहिला प्रश्न आडनावाचा असतो, हे परभणीत राहणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. एका जातीच्या, एका धर्माच्या कॉलन्या अशाच तयार होतात. या सारखेपणाची मला घरांच्या सारखेपणाहून कितीतरी जास्त काळजी वाटते.

आणि दुसरा साचा कॉलनीच्या मोकळ्या जागेचा. साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या लेआउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. नकाशात ती हिरव्या रंगानं दाखवलेली असते. प्रत्यक्षात काय दिसतं? वेडी बाभूळ, बांधकामाचा राडारोडा, पावसाळ्यात डबकं, क्वचित कुणाचं तरी शेड. नाली अर्धवट येऊन थांबलेली, तिचं पाणी रिकाम्या प्लॉटमध्ये मुरतं आणि तीच ओल शेजारच्या पायाची काळी माती फुगवते. प्लॉट पाडताना बांधावरचं लिंबाचं, बाभळीचं झाड जातं आणि त्याच्या जागी वीस वर्षांत दुसरं उभं राहत नाही. पाच कॉलन्या फिरा, पाचही ठिकाणी हेच. घर माणसानं हळूहळू वाढवलं, कारण ते त्याचं होतं. मोकळी जागा सगळ्यांची होती, तिला कुणी वाढवलं नाही. परभणीची महानगरपालिका १ नोव्हेंबर २०११ ला झाली; शहर वाढलं, कर वाढला, या दहा टक्क्यांचा हिशेब मात्र रहिवाशांनीही मागितला नाही आणि कुणी आपणहून दिलाही नाही.

जुन्या पांढरीला पार होता, पिंपळ होता, चावडी होती. तिथं बसायला कुणाची परवानगी लागत नव्हती. काळीवरच्या या नव्या पांढरीला घरं आहेत, पार अजून नाही.

तो व्हायला वेळ गेलेला नाही. आपल्या लेआउटच्या मंजूर नकाशाची प्रत महानगरपालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे मागा; दिली नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. नकाशावर मोकळी जागा कुठं आहे ते बघा आणि शेजारच्या चार घरांना घेऊन एकदा तिथं जाऊन उभे राहा. जूनचा पहिला मोठा पाऊस झाला की त्या जागेत लिंबाची आणि पिंपळाची रोपं लावा, आणि घरातल्या पाहुण्यासारखं दोन उन्हाळे त्यांना पाणी घाला.