आधी दुखणं, मग उलटी

"आधी काय सुरू झालं? दुखायचं का उलटी?"

रात्रीचे पावणेदोन वाजले होते. आमच्या वैरागच्या डॉक्टरांनी बनियनवर शर्ट चढवत दवाखान्याचं शटर अर्धं वर केलं आणि नमस्कार-चमत्कार न करता पहिलं हेच विचारलं. मी पर्समधून कागदाची पट्टी काढली. कालनिर्णयच्या कडेचा फाडलेला तुकडा होता तो, पेन्सिलीनं लिहिलेला. सात वाजता बेंबीपाशी दुखतंय म्हणाला. नऊला ताटावर बसला, दोन घास, उठला. दहा वीसला उलटी, जेवणाची. साडेअकराला उलटी, पिवळी. साडेबाराला पुन्हा, नुसतं कडू पाणी. एकच्या पुढे दुखणं उजव्या बाजूला, खाली.

डॉक्टरांनी पट्टी दिव्याखाली धरून वाचली. "आधी दुखणं," असं स्वतःशीच म्हणाले आणि पट्टी खिशात टाकली. परत दिलीच नाही.

बाधलेल्या अन्नाची गोष्ट बहुतेक वेळा उलटीपासून सुरू होते, मागोमाग जुलाब, आणि पोटातली कळ येते-जाते. दुखणं आधी, तेही न थांबता, आणि उलटी काही तासांनी, असा क्रम असेल तर डॉक्टरचं डोकं अपेंडिक्सकडे वळतं. नियम काही दगडावरची रेघ नाही. पण दवाखान्यात सोनोग्राफी नाही, रक्त तपासणारा झोपलेला, अशा वेळी हातात तेवढाच धागा असतो. आणि तो धागा घरच्यांकडे असतो. मी काही हुशारीनं लिहून ठेवलं नव्हतं. बहीण दर अर्ध्या तासाला चाकणहून फोन करून "आता कसंय?" विचारत होती आणि तिला सांगताना माझा गोंधळ होऊ लागला, म्हणून लिहायला घेतलं.

पोरगा तिचा. पंधरा वर्षांचा. दोघं नवरा-बायको कंपनीत, म्हणून शाळेसाठी माझ्याकडे ठेवलेला. दहा वर्षांचं पोर पोट दुखलं की गल्ली गोळा करतं. पंधरा वर्षांचं पोर भिंतीकडे तोंड करून झोपतं. सातला "दुखतंय" म्हणाला तेही मी दूध का पीत नाहीस म्हणून मागे लागले तेव्हा. "काय नाय गं मावशे, सोड." त्याला भीती दुखण्याची नव्हतीच. परवा तालुक्याच्या कबड्डीचे सामने होते आणि दवाखान्यात नेलं तर संघातून नाव जाईल, हा हिशेब पांघरुणाखाली चालला होता.

घरात जो आला त्यानं एकच विचारलं, "काय खाल्लं होतंस?" स्टँडवरची भजी निघाली, संध्याकाळी पाचची. झालं, गुन्हेगार सापडला. शेजारच्या आक्कांनी ओवा-हिंग कोमट पाण्यात कालवून बेंबीभोवती लावला. मग पोट चाचपून म्हणाल्या, "बेंबी सरकलीया. चोळून जागेवर आणते." अंगठा टेकवला मात्र, पोरानं जी हाक फोडली तिनं आक्काच मागे सरकल्या. "मग एरंडेल दे चमचाभर. सगळं धुऊन निघंल." इथं मला कबूल केलंच पाहिजे, मी बाटली काढली होती. तेल तळाशी चिकटून बसलेलं, उपडी धरली तरी येईना, म्हणून राहिलं. सुजून ताणलेल्या अपेंडिक्सच्या शेजारी आतड्याला जुलाबाचा हिसका बसला तर ते फुटू शकतं, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. आक्कांना मी अजून सांगितलेलं नाही. ओव्या-हिंगाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. बेंबीभोवती लावलेल्या हिंगानं कुणाचं वाईट झाल्याचं ऐकलं नाही.

डॉक्टरांची पुढची दहा मिनिटं मी नीट पाहिली, कारण ती पोटाकडे गेलीच नाहीत. आधी विचारलं, "झोपतो कुठं? खाली का पलंगावर?" खाली, सतरंजीवर. मग बॅटरी लावून हाताची-पायाची बोटं, कानामागं, मानेवर शोधलं. "वर बघ. पापण्या उघड्या ठेव. थुंकी गिळ." मला वाटलं झोपेत आहेत. तर ते मण्यार शोधत होते. मण्यार, काही गावांत तिला कांडर म्हणतात, रात्री घरात शिरते, खाली झोपलेल्याला चावते. चावल्याचं दुखत नाही, वळही दिसेलच असं नाही. पहाटे माणूस पोटात कळ आणि उलट्या घेऊन उठतो, घरचे सोडा पाजतात, आणि काही वेळानं पापण्या मिटायला लागतात, गिळता येत नाही, मग श्वास. ऑगस्टचा महिना, पावसाची उघडीप, बांधाकडेची वस्ती. पोटदुखीच्या रोग्याच्या पापण्या बघणं ही आपल्या भागातली डॉक्टरकी आहे. पुस्तकात ती असते, पण लक्षात राहते ती इथं राहून.

मग तोंडाजवळ नाक नेऊन वास घेतला आणि बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर मोजली. या वयात मधुमेह पहिल्यांदा कळतो तो कधीकधी असाच. पोटात दुखतं, उलट्या होतात, श्वास खोल चालतो आणि तोंडाला पिकल्या फळासारखा वास येतो. आधीचे काही आठवडे पोर घागरभर पाणी पीत असतं, रात्री लघवीला उठत असतं, वाळत असतं. घरच्यांना वाटतं, उंची वाढायला लागली.

मग मला म्हणाले, "मॅडम, जरा बाहेर थांबा."

शटरखाली उभी राहून मी आतलं ऐकत होते. "खाली दुखतंय का? गोट्यांत? लाजू नकोस, मला बघावं लागंल." वयात येणाऱ्या मुलाच्या अंडाला पीळ पडला तर तोही सांगतो पोटात दुखतंय म्हणूनच, कारण खरी जागा घरात कुणाला सांगणार? त्यात साधारण सहा तासांत पीळ सुटला नाही तर ते अंड वाचणं कठीण होतं. मुलगी असती तर प्रश्न वेगळा असता. पाळी कधी आली होती, चुकली का, अंडाशयाला पीळ तर नाही. तेव्हाही आईला बाहेर उभं केलं असतं. आजवर मला बाहेर थांबायला सांगितलं की मी अपमान समजायचे. त्या रात्री कळलं, पंधरा वर्षांच्या पोराच्या पोटदुखीतला निम्मा भाग मावशीसमोर कधीच बोलला जाणार नाही.

आत बोलावलं तेव्हा तो टेबलावर गुडघे दुमडून पडला होता. डॉक्टर डावीकडे दाबत होते आणि तो उजवीकडे हात नेत होता. मग उजव्या खुब्याच्या पुढच्या हाडापासून बेंबीपर्यंत मनातल्या मनात रेघ काढून, तिचा पहिला एक-तृतीयांश संपतो तिथं त्यांनी एकच बोट टेकवलं. ही जागा न्यूयॉर्कच्या मॅकबर्नी नावाच्या सर्जननं 1889 साली दाखवून दिली. पोरानं दात आवळले. "उतर खाली. उजव्या पायावर एक उडी मार." त्याला ताठ उभंही राहवेना. उजवा हात पोटावर, कमरेत वाकलेला. कबड्डीतला चढाईचा गडी आमचा.

अपेंडिक्स म्हणजे लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं लोंबणारी, करंगळीएवढी, एका बाजूनं बंद असलेली नळी. तिचं तोंड मळाच्या खड्यानं किंवा आतल्या सुजेनं बुजलं की आतला स्राव साठतो, जंतू वाढतात, भिंत ताणते. तिच्या भिंतीत गाठींसारखी ऊती असते, ती या वयातच जास्त वाढलेली असते. म्हणून हे दुखणं शाळा-कॉलेजातल्या पोरांना जास्त. सुरुवातीला मेंदूला नेमकी जागा कळत नाही, तो बेंबीकडे बोट दाखवतो. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली की दुखणं आपली खरी जागा सांगतं. माझ्या पट्टीवरची एकची नोंद ती होती.

"बार्शीला न्या, आत्ताच. तोंडानं पाण्याचा थेंब नाही." दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं, सलाईन लावायला सुई टोचून ठेवली. इंजेक्शन दिलं तर रोग झाकला जातो, असं पूर्वी मानत. आता तसं मानत नाहीत. निघताना एक गोष्ट बजावली. "वाटेत एकदम बरं वाटायला लागलं तर खूश होऊ नका. मला फोन करा." फुटल्यावर ताण सुटतो, थोडा वेळ बरं वाटतं, आणि मग विष पोटभर पसरतं.

108 ला फोन लावायचाच होता, पण गल्लीतल्या एकाची गाडी दारात होती. सोलापूर दुपटीहून लांब, म्हणून बार्शीच. वीस-बावीस किलोमीटर. दिवसा त्या रस्त्याकडे माझं लक्ष नसतं. त्या रात्री मी स्पीडब्रेकर मोजले, कारण प्रत्येकाला मागच्या सीटवरून "आई गं" येत होतं. पानगावातल्या एकावर तर तो माझ्या मांडीत नखं रुतवून राहिला. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी यावर रीतसर अभ्यास केला आहे, 2012 साली छापून आला. अपेंडिक्स नक्की झालेल्या 34 रोग्यांपैकी 33 जणांनी रस्त्यावरच्या उंचवट्यांवर दुखणं वाढल्याचं सांगितलं. आपल्या रस्त्यांचा आजवर कुणी असा उपयोग केला नसेल.

बार्शीत कागदावर चढेपर्यंत साडेतीन. आधार आहे, रेशनकार्ड आहे का? नव्हतं. पालक कोण? मी मावशी. अठराच्या आतल्या मुलाच्या ऑपरेशनला आई-बापाची सही लागते. मेव्हण्यांनी फोनवर संमती दिली, ती डॉक्टरांनी लिहून घेतली, आणि दोघं पहाटेच्या गाडीत बसले. ज्याच्याकडे दुसऱ्याचं पोर शिकायला आहे त्यानं त्याच्या कागदांच्या झेरॉक्स आणि आई-बापाचं सहीचं पत्र फडताळात ठेवावं. त्या रात्री मी रिकाम्या हातानं खिडकीशी उभी होते.

सकाळी रक्ताचा रिपोर्ट आला, पांढऱ्या पेशी सोळा हजारांवर. सोनोग्राफीच्या खोलीत "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली पोरगा शर्ट वर करून पडला. दाबल्यावर साधं आतडं चेपतं, सुजलेलं अपेंडिक्स चेपत नाही. पडद्यावर एक काळं वेटोळं दिसत होतं, डॉक्टर दाबत होते आणि ते तसंच. त्यांनी माप घेतलं. सहा मिलीमीटरपर्यंत ठीक, हे नऊ.

तेव्हाही पोरगा विचारत होता, "उद्या खेळता यील का?" मला इंग्लंडचा सातवा एडवर्ड आठवला. 26 जून 1902 ला राज्याभिषेक, देशोदेशीचे पाहुणे आलेले, आणि राजा पोटदुखी घेऊन ऑपरेशनला नाही म्हणतोय. शेवटी 24 तारखेला राजवाड्यातच ट्रीव्हज या सर्जननं पोट उघडून पू काढला. मुकुट 9 ऑगस्टला चढला. साठीतला राजा हटून बसतो, तिथं हा तर नववीतला.

ऑपरेशन दुर्बिणीतून झालं, तीन भोकं. बहीण-मेव्हणे पोचले होते. सिस्टरनं दार किलकिलं करून ट्रे पुढं केला. ओल्या गॉजवर लालभडक, फुगलेला, बोटभर तुकडा, टोकाला काळपट. त्याच्यावर पिवळट साय. बहीण मागं फिरली. मी पाहत राहिले. एवढ्याशा वस्तूनं तीन गावं जागवली होती.

पुढचं काम पाहण्याचं आणि विचारण्याचं. संध्याकाळी शुद्धीवर येऊन तो पहिलं म्हणाला, "माझा खांदा दुखतोय." पोट नाही, खांदा! आम्ही घाबरलो. सिस्टर हसली. दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, तो थोडा उरतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याच्या स्नायूला चाळवतो. त्या पडद्याची आणि खांद्याची नस एकाच ठिकाणाहून येते, म्हणून दुखणं खांद्यावर. दीड दिवसात गेलं.

आणि मग तो प्रश्न. राउंडला येणारा प्रत्येक जण विचारी, "गॅस सुटला का?" भर वॉर्डात, मावशी, आई आणि शेजारच्या खाटेवरची आजी यांच्यादेखत. पोरगा छताकडे बघे. आतडी पुन्हा हलायला लागल्याची ती सर्वांत सोपी खूण, पण ती सांगायची कशी? दुसऱ्या दिवशी मी त्याच्याशी खूण ठरवली, अंगठा वर. त्याला चालवणं माझ्याकडे होतं. एका हातात सलाईनची बाटली, दुसऱ्या हाताला तो, वॉर्ड ते खिडकी आणि परत. खोकताना टाक्यांवर उशी दाबून धरायची. ओठ सुकले की ओला कापूस. पहिल्यांदा चमच्यानं पाणी दिलं तेव्हा मी त्याच्या गळ्याकडे पाहत होते, रात्री डॉक्टर पाहत होते तशी. तिसऱ्या फेरीला खिडकीशी थांबला, इकडंतिकडं पाहिलं आणि अंगठा वर केला. भाताची पेज त्या दुपारी मिळाली. शेंगाचटणी मागितली, ती नाही मिळाली.

तिसऱ्या दिवशी घरी निघालो. पोटाशी उशी धरून तो मागं बसला होता, ब्रेकर आला की मेव्हणे गाडी जवळजवळ थांबवत होते. पानगावच्या थोडं अलीकडे त्यानं विचारलं,

"मावशे, त्या ट्रेमधल्याचा फोटो काढलास ना?"

नाही म्हटल्यावर वैराग येईपर्यंत बोलला नाही.