वॉशर मागा, पण कुणाकडे?

घरदुरुस्तीचं सामान विकणाऱ्या ‘होम डेपो’ या अमेरिकी कंपनीच्या सुरुवातीच्या दुकानांत (अटलांटा, 1979 पासून) नळाचा वॉशर घ्यायला आलेलं गिऱ्हाईक तो बसवायचा कसा, हेही शिकून जाई. मदतीला बरेचदा मुरलेले प्लंबर, सुतारच असत.

डिसेंबर 2000 मध्ये जनरल इलेक्ट्रिकमधून रॉबर्ट नार्डेली कंपनीचे प्रमुख म्हणून आले. खर्चकपातीत अनुभवी पूर्णवेळ माणसं घटली, अर्धवेळ वाढली. नफा फुगला; दुकानात विचारायला मात्र कुणी सापडेना. 2005 च्या अमेरिकी ग्राहक-समाधान निर्देशांकात कंपनीला मिळाले 67 गुण, प्रतिस्पर्धी ‘लोज’पेक्षा 11 ने कमी.

जानेवारी 2007 मध्ये नार्डेली गेले, सुमारे 21 कोटी डॉलर पदरात पाडून!

त्याच वर्षी तक्रारींचा पाऊस पडल्यावर नवे प्रमुख फ्रँक ब्लेक यांनी जाहीर माफी मागितली आणि परवानाधारक प्लंबर-इलेक्ट्रिशियन पुन्हा दुकानात उभे केले.