घरटं राखणारा नर

वसंतात अमेरिकेतल्या तळ्यांच्या आणि धरणांच्या काठी क्रॅपी धरायला माणसं लोटतात. वीतभर लांबीचा, पांढऱ्या नाजूक मांसाचा हा मासा. गाभोळीने पोट तट्ट फुगलेली मादी हाती लागली की बरेच जण तिला परत पाण्यात सोडतात. मादी वाचली म्हणजे तळं भरलं, असा समज. सोडण्यामागची माया खरी आहे, पण हिशेब चुकतो.

एका मादीच्या पोटात काही हजारांपासून लाखाच्या वरही अंडी असतात. क्रॅपीला टंचाई अंड्यांची नसते, जगणाऱ्या पिल्लांची असते. वसंतात धरणाची पातळी कशी राहिली, मधेच थंडी उलटली का, पिल्लांना पाण्यातले सूक्ष्म जीव खायला मिळाले का, यावर बरंचसं ठरतं. म्हणून एखाद्या वर्षीची पिढी भरघोस निघते, तर एखाद्या वर्षी जवळजवळ काहीच हाती लागत नाही.

शिवाय घरटं मादीचं नसतंच. पाणी 16 ते 20 अंश सेल्सिअसच्या आसपास आलं की नर उथळात, बुडालेल्या बुंध्यांजवळ किंवा पाणवनस्पतींच्या आडोशाला तळ साफ करून खळगा करतो. मादी येते, थोडी अंडी घालते आणि निघून जाते. उरलेली दुसऱ्या नरांच्या घरट्यांत. अंडी फुटायला दोन ते पाच दिवस लागतात. तोवर, आणि पुढे पिल्लं घरटं सोडेपर्यंत, नर परांनी पाणी हलवत राहतो, जवळ येईल त्याच्यावर धावून जातो. अशा वेळी तो आमिषाला तोंड घालतो ते भुकेनेच असं नाही. बहुतेकदा तो घुसखोराला हाकलत असतो.

याच दिवसांत नराचं डोकं आणि छाती काळी पडते, आणि पांढऱ्या जातीचा क्रॅपी काळ्या जातीचा म्हणून खपून जातो. रंगावर जाऊ नये. पाठीवरच्या परातले कडक काटे मोजावेत: पांढऱ्याला पाच-सहा, काळ्याला सात-आठ.

पौर्णिमेला सगळे एकदम अंडी घालतात, हेही खरं नाही. पाण्याची ऊब आणि वाढता दिवस यांवर वीण चालते, आणि ती कित्येक आठवडे पुरते.

क्रॅपीच्याच कुळातल्या ब्लूगिलमध्ये मात्र सगळेच नर राखणदार नसतात. कॅनडातल्या ओपिनिकॉन सरोवरात संशोधकांनी याचा बारकाईने अभ्यास केला. घरटं बांधणारा नर तिथे साधारण सात वर्षांनी वयात येतो. काही नर दोन-तीन वर्षांचे असतानाच दबा धरून बसतात आणि ऐन वेळी घरट्यात घुसून अंडी फळवतात. तेच थोडे मोठे झाले की मादीसारखं रूप घेऊन जोडीच्या मधे शिरतात. पिल्लं त्यांची, पहारा दुसऱ्याचा.

वॉलाय या माशाची गोष्ट निराळी. थंड पाण्यात, रात्री, गोट्यांवर अंडी टाकायची आणि निघून जायचं. तिथे राखण कुणाचीच नाही.

राखणदार उचलल्याचा फटका सर्वांत स्पष्ट दिसतो तो बास या माशामध्ये. आपल्याकडे मरळ जशी पिल्लांच्या घोळक्यावर पहारा ठेवते, तसा बासचा नर ठेवतो. तो काही मिनिटं जरी बाजूला झाला, तरी ब्लूगिल अंड्यांवर तुटून पडतात, आणि दमलेला नर कधी कधी घरटं सोडूनही देतो. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताच्या बऱ्याच भागांत बास धरायला जूनच्या उत्तरार्धापर्यंत बंदी असते, ती याचसाठी. जिथे मुभा आहे तिथेही घरट्यावरचा बास टाकीत घालून दूर नेऊ नये. पाण्यातच गळ काढावा आणि त्याच जागी त्याला सोडावं.