परमट लैन : मिठासाठी उभं केलेलं कुंपण

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव मराठी वाचक शाळेच्या पुस्तकात वाचतो. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन भरलं, त्यासाठी खटपट करणारा हा इंग्रज. त्याआधी साधारण पंधरा वर्षांपूर्वी हाच ह्यूम अंतर्देशीय जकात खात्याचा आयुक्त होता आणि त्या काळातले त्याचे वार्षिक अहवाल आजही जतन केलेले आहेत. त्यांत राजकारण नाही, काटे आहेत. बोर, बाभूळ, करवंद, थोर आणि निवडुंग यांचं एक कुंपण किती मैल वाढलं, किती मैल वाळलं, किती वाळवीनं खाल्लं, किती वादळात उडून गेलं, याचा पाव-पाव मैलापर्यंतचा हिशेब आहे. ह्यूमनं १८७० मध्ये हे पद सोडलं तेव्हा ‘निर्दोष’ कुंपण ४४८.७५ मैल भरलं होतं, आणि ‘मजबूत व चांगलं, पण अभेद्य नव्हे’ असं कुंपण २३३.५ मैल.

हे कुंपण कुठल्या बागेचं किंवा छावणीचं नव्हतं. ते हिंदुस्थानच्या आरपार घातलेलं होतं, आणि ते घातलं होतं मिठासाठी.

एवढी मोठी गोष्ट लोकांच्या आणि इतिहासाच्या स्मरणातून जवळजवळ पुसली गेली होती. ती पुन्हा उजेडात आली एका तळटिपेमुळे. रॉय मॉक्सहॅम हे लंडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात जुने ग्रंथ आणि कागदपत्रं जतन करण्याचं काम करत. १९९५ मध्ये त्यांनी लंडनमधल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानातून विल्यम स्लीमनच्या आठवणींची एक प्रत विकत घेतली. ठगांच्या बंदोबस्तासाठी ओळखला जाणारा हाच तो स्लीमन. त्या पुस्तकातल्या एका टिपेत सर जॉन स्ट्रॅची या बड्या अधिकाऱ्याच्या लेखनाचा हवाला होता : १८६९ मध्ये सिंधू नदीपासून महानदीपर्यंत २,३०० मैलांची एक जकात-रेषा होती, तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसांचा पहारा होता आणि तिचा बराचसा भाग म्हणजे काटेरी झाडाझुडपांचं प्रचंड कुंपण होतं.

२,३०० मैल म्हणजे सुमारे ३,७०० किलोमीटर. मॉक्सहॅम यांना आधी हे खरंच वाटेना. मग त्यांनी इंडिया ऑफिसच्या दफ्तरातले जकात खात्याचे अहवाल काढले, जुने नकाशे धुंडाळले आणि वर्षामागून वर्ष त्या कुंपणाची नोंद सापडत गेली. त्या शोधावरचं त्यांचं पुस्तक २००१ मध्ये प्रसिद्ध झालं.

कुंपणाचं मूळ बंगालमध्ये आहे. १७५७ च्या प्लासीनंतर बंगालचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती येत गेला आणि मीठ हे कंपनीच्या उत्पन्नाचं हक्काचं साधन बनलं. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जनं मिठाचा व्यवहार पुन्हा कंपनीच्या ताब्यात घेतला. मिठावर कर बसवणं सरकारला फार सोयीचं होतं, कारण मिठावाचून कोणाचंच भागत नाही. अडचण एकच होती. बंगालमधलं मीठ करामुळे महाग झालं, तर पश्चिमेकडे राजपुतान्यातल्या सांभर सरोवराचं, कच्छ-काठेवाडचं आणि मुंबई इलाख्यातल्या मिठागरांचं मीठ कितीतरी स्वस्त होतं. बैलांच्या पाठीवर गोण्या घालून ते पूर्वेकडे निघायचं. ते अडवायचं तर नाकी हवीत.

सुरुवातीला नाकी तुरळक होती. १८२३ मध्ये आग्र्याचा जकात आयुक्त जॉर्ज सॉन्डर्स यानं गंगा-यमुनेच्या काठानं मिर्झापूर ते अलाहाबाद चौक्यांची साखळी बांधली. १८३४ मध्ये जी. एच. स्मिथ आयुक्त झाला. त्यानं तंबाखू, लोखंड अशा जिनसांवरचं लक्ष काढून सगळा जोर मिठावर दिला आणि रेषा लांबवत नेली. १८५४ पर्यंत खात्यात ६,६०० माणसं झाली होती. राज्य वाढलं तशी रेषाही वाढली. एका टोकाला ती पंजाबात सिंधूपर्यंत गेली, दुसऱ्या टोकाला मध्य प्रांतातून महानदीकडे वळली. उत्तरेकडून येणारं कुंपण बऱ्हाणपूरपर्यंत पोचलं होतं. बऱ्हाणपूर म्हणजे तापीकाठचं, आपल्या जळगाव जिल्ह्याला खेटून असलेलं गाव. कोकणातल्या आगरांवरचं मीठ या रेषेपाशी आलं की त्याच्यावर दुसऱ्यांदा कर बसे, कारण मुंबई इलाख्यातला मिठाचा कर उत्तरेपेक्षा कमी होता आणि तो फरक सरकारला भरून हवा होता.

दोन चौक्यांच्या मधल्या अंधारातून माणूस निसटतोच. म्हणून मधे काटे टाकायला सुरुवात झाली. आधी हे कुंपण सुकं होतं, शेताला बाभळीच्या फांद्यांची वई घालतात तसं. पण शेताची वई काही गुंठ्यांची असते आणि ही शेकडो मैलांची होती. ह्यूमच्या अंदाजानं सुक्या कुंपणाच्या एका मैलाला २५० टन काटेरी माल लागायचा, आणि तो पाव मैलापासून सहा मैलांपर्यंतच्या अंतरावरून वाहून आणावा लागायचा. आणलेला माल टिकायचा नाही. वाळवी लागायची, आगी लागायच्या, वावटळ आली की कुंपणाचे लांबच लांब तुकडे उडून जायचे. मग पुन्हा नव्यानं २५० टन. १८६९ च्या सुमारास एका वर्षात खात्याच्या माणसांनी २० लाख घनफूट माती खणली आणि दीड लाख टनांहून अधिक काटे वाहिले, अशी नोंद आहे.

ह्यूमला या खटाटोपातला निरर्थकपणा दिसला. कुंपण काढून टाकावं असा मात्र त्याचा निष्कर्ष नव्हता. ते जिवंत असावं, असं त्याचं म्हणणं होतं. झाडं लावली की ती आपली आपण उभी राहतील, दरवर्षी काटे वाहायला नकोत. ह्यूम मोठा पक्षितज्ज्ञ होता, त्याला मातीची आणि झाडांची जाण होती. कुठे काय जगेल याचे त्यानं प्रयोग केले. जमीन हलकी असेल तिथे चर खणून दुसरीकडची चांगली माती आणून भरली. पाणी साचणाऱ्या भागात मातीचे बांध घालून त्यांच्यावर झाडं लावली. कोरड्या भागात निवडुंग लावलं. पाण्यासाठी विहिरी खणल्या, कुंपणाच्या कडेनं गस्तीचा रस्ता काढला. पुढे जी. एच. एम. बॅटन आयुक्त झाला आणि त्यानंही हेच काम नेटानं चालवलं. जिवंत कुंपण अखेर ८०० मैलांच्या घरात गेलं. काही ठिकाणी ते १२ फूट उंच आणि १४ फूट रुंद होतं.

त्या काळच्या शेतकऱ्याला विहीर हवी होती, बांध हवा होता, रस्ता हवा होता. सरकारनं हे तिन्ही बांधले, आणि तिन्ही कुंपणाच्या सेवेला लावले.

या कुंपणावर राबणारी माणसं याच देशातली होती. शिपायाला महिन्याला सुमारे पाच रुपये मिळत. शेतमजुराच्या तीनेक रुपयांच्या मानानं हा पगार बरा होता. पण काम रात्रंदिवस गस्त घालण्याचं, काटे ओढण्याचं आणि माती वाहण्याचं. कितीतरी जण राजीनामा देत, कितीतरी न सांगताच पळून जात. अहवालांमध्ये त्यांचेही रकाने आहेत. तरी भरती चालूच राहिली. १८६९-७० मध्ये चौक्या होत्या १,७२७. १८७२ मध्ये नोकरवर्ग १४,१८८ पर्यंत पोचला होता.

एवढा डोलारा कोणाच्या डोळ्यांत कसा खुपला नाही, याचं उत्तर त्याच अहवालांतल्या जमाखर्चात आहे. १८६९-७० मध्ये रेषेवर मिठाचा कर सव्वा कोट रुपये जमला. पश्चिमेकडे जाणाऱ्या साखरेवरही जकात होती, तिचे दहा लाख. खर्च झाला १६ लाख २० हजार. खर्चलेल्या एका रुपयामागे आठ रुपये तिजोरीत पडत होते. कागदावर हे खातं उत्तम चाललं होतं, म्हणून प्रत्येक आयुक्त ते अधिक उत्तम चालवण्याच्या मागे लागला. कुंपण पाव मैल पुढे सरकलं की ती प्रगती गणली जाई.

रकान्यांत न आलेलं एक माणूस होतं. ते म्हणजे मीठ खाणारं.

उत्तरेत एका मणावर तीन रुपये कर होता, बंगालमध्ये सव्वातीन. मण म्हणजे ८२ पौंड, सुमारे ३७ किलो. मणभर मिठावरचा नुसता कर शेतमजुराची महिन्याची कमाई खाऊन टाकत होता, मिठाची किंमत वेगळी. जनावरांनाही मीठ लागतं, तेही याच भावानं घ्यायचं. उन्हात राबणाऱ्याच्या अंगातून घामावाटे मीठ जातं आणि ते भरून काढावंच लागतं. म्हणून हा कर सर्वांत जड पडला तो सर्वांत जास्त घाम गाळणाऱ्यावर. पोटाला मीठ कमी पडलं की अशक्तपणा येतो, आजारपणात आणि दुष्काळात तो जिवावर बेततो. किती माणसं आणि गुरं मिठावाचून खंगली, हे मोजायला कोणी जमादार नेमला नव्हता.

लोकांनी हे मुकाट्यानं सोसलं, असंही नाही. हजारो माणसं दरवर्षी चोरून मीठ नेताना पकडली जात. कोणाजवळ गोणी असे, कोणाजवळ गाठोडं. दंड भरता आला नाही तर तुरुंग. कधी टोळ्याच्या टोळ्या कुंपण फोडून घुसत. सप्टेंबर १८७७ मध्ये दोन जकात शिपायांनी ११२ जणांच्या टोळीला अडवायचा प्रयत्न केला आणि दोघेही मारले गेले. पाच रुपयांच्या नोकरीसाठी दोन गरीब माणसांनी जीव गमावला, तोही आपल्यासारख्याच गरिबांना मीठ नेऊ न देण्याच्या कामावर.

रेषा मोडली ती दयेपोटी नव्हे. तिच्यामुळे व्यापाराची कोंडी होत होती. रस्त्यारस्त्यावर फाटकं, झडत्या, गाड्यांच्या रांगा. व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या काळात संस्थानिकांशी करार सुरू झाले, सांभर सरोवर जयपूर आणि जोधपूरकडून भाडेपट्ट्यानं घेतलं गेलं. मीठ जिथे तयार होतं तिथेच कर घेता आला तर वाटेत कुंपणाची गरज उरत नाही, हा त्यामागचा हिशेब. पण त्यासाठी सगळीकडचा कर जवळपास सारखा व्हायला हवा होता. तो सारखा केला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत अर्थखातं सांभाळणाऱ्या जॉन स्ट्रॅचीनं, म्हणजे ज्याच्या लेखनामुळे पुढे हे कुंपण सापडलं त्यानंच. १ एप्रिल १८७९ पासून रेषा बंद झाली.

याची किंमत महाराष्ट्रानं मोजली. उत्तरेतला कर तीनवरून अडीच रुपयांवर आला, पण मुंबई आणि मद्रास इलाख्यांतला कर मणामागे एक रुपया तेरा आण्यांवरून थेट अडीच रुपयांवर नेला. साल होतं १८७८. १८७६ पासूनच्या भीषण दुष्काळानं दख्खन नुकतीच होरपळून निघाली होती. सोलापूर, अहमदनगर, विजापूरकडे घरं ओस पडली होती. दुष्काळातून वाचलेल्या माणसाच्या भाकरीवरचं मीठ त्याच वर्षी महाग झालं. कुंपण गेलं, कर राहिला, आणि आता तो वसूल करायला काटेही लागत नव्हते.

म्हणूनच मिठाचा प्रश्न पुढे सार्वजनिक जीवनातून हलला नाही. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावरच्या भाषणात कर कमी करण्याची मागणी आकडेवारीनिशी मांडली आणि १९०३ मध्ये तो अडीचवरून दोन रुपयांवर आला. १९३० मध्ये दांडीपाठोपाठ वडाळ्याच्या आगरांवर आणि शिरोड्याच्या किनाऱ्यावर माणसांनी लाठ्या खाऊन मीठ उचललं. त्या सत्याग्रहींपैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा रेषेच्या काळात जगलेले होते. तरीही कुंपणाची आठवण कुठे उरली नव्हती. झाडं सरपणाला गेली, बांध नांगराखाली गेले, गस्तीचा रस्ता कुठे कुठे डांबरी सडक झाला. कागद मात्र तसेच राहिले. हिशेब चोख ठेवायच्या सवयीमुळेच एका अन्यायाचा लेखी पुरावा राहिला.

मॉक्सहॅम नुसत्या कागदांवर थांबले नाहीत. नकाशे आणि उपग्रहावरून जागा दाखवणारं यंत्र घेऊन ते तीन वर्षं उत्तर हिंदुस्थानात फिरले. पुष्कळ ठिकाणी हाती काहीच लागलं नाही. म्हाताऱ्या माणसांना ‘कस्टम्स’ हा शब्द कळत नसे. पण खेड्यांत एक वेगळं नाव तग धरून होतं : ‘परमट लैन’. परमिट दाखवल्याशिवाय जिथून मीठ पुढे जात नव्हतं, ती रेषा. या नावाच्या मागावर १९९८ मध्ये ते चंबळच्या खोऱ्यात, इटावा जिल्ह्यात पोचले. आयुक्त होण्यापूर्वी ह्यूम ज्या जिल्ह्याचा कलेक्टर होता, तोच हा जिल्हा. तिथे पालीघर गावाजवळ शेतांच्या मधून मातीचा एक उंच बांध सरळ पुढे गेलेला होता, आणि त्याच्यावर बोरी-बाभळींची काटेरी झुडपं अजून उभी होती.